ओपन

पाथर्डी फाट्याला, मेडिकलच्या वर,
दोन बाकं, एक फळा, आणि पंखा
जो तीनवर ठेवला तरी एकवरच फिरतो.
तिथं मी इंग्रजी शिकवतो.
अंबडच्या कारखान्यात मशीन बसवायला आलेली
श्वे यान संध्याकाळी सातला येते.

पहिल्या दिवशी जिना चढून अंधारात उभी राहिली,
म्हणाली, "सर, प्लीज ओपन द लाइट."
मी म्हटलं, लाइट ओपन नाही होत, ऑन होतो.
तिनं वहीत लिहून घेतलं.
दुसऱ्या दिवशी सांगू लागली,
ड्रायव्हरनं गाडी फार जोरात ओपन केली,
गरवारे पॉइंटपाशी पोटात गोळा आला.
मीटिंग नऊला ओपन झाली ती दीडपर्यंत संपेना.
आणि चहाचं पाणी म्हणे
ओपन झाल्याशिवाय पत्ती टाकू नये.

शेवटी विचारलं, हे सगळं येतं कुठून?
ती म्हणाली, "खाय."
वाटलं, कारखान्यात कुणा सटाणा-कळवणच्या पोरानं
आपली बोली शिकवली हिला.
मी चिवड्याचा डबा पुढे केला.
ती हसली, मूठभर घेतला,
मग तेलकट बोटांनीच खडू धरून फळ्यावर काढल्या
दोन रेघा आडव्या, दोन उभ्या.
दार खाय, दिवा खाय, गाडी खाय,
फूल उमलतं तेही खाय,
मनाच्या आधी जोडलं तर आनंद.
मला ते चिन्ह गेटसारखं दिसलं.
बोललो नाही.

चूक, चूक म्हणत लाल पेन चालवणारा मी
त्या रात्री घरच्या जिन्यात थबकलो.
आपण तरी काय करतो?
पाऊस थांबला की म्हणतो, उघडला.
ही आतून ओरडते, दिवा लाव, दार लाव,
एकाच दमात, एकाच क्रियापदात,
आणि तीस वर्षांत मी एकदाही
दिवा विझवून दार उघडं टाकलेलं नाही.
चटणी लावतो, नंबर लावतो, जीव लावतो.
कुणी लाल पेन घेऊन मागे लागलं नाही आमच्या.

डिसेंबरात, हाडं वाजवणाऱ्या थंडीत,
ती रविवार कारंज्यावर घेतलेली कानटोपी घालून आली.
वही काढली नाही.
"माय फ्रेंड, मिस्टर ग्वो. बॉस ओपन्ड हिम."
मला दिसलं ऑपरेशन थिएटर, हिरवी चादर.
म्हटलं, कुठल्या हॉस्पिटलात?
"नो हॉस्पिटल. नो जॉब."

मी फळ्याकडे वळलो. लिहिलं, फायर्ड.
तिनं तो शब्द बराच वेळ पाहिला.
"फायर? बर्निंग?"
म्हटलं, हो. म्हणजे, नाही.
खडू हातात तसाच.

सत्त्याण्णव साली, सातपूरला, सकाळच्या पाळीला
सायकल गेटपर्यंत नेली तर गेटवर कागद.
कुलूप इतकं नवं
की किमतीची चिठ्ठीसुद्धा निघाली नव्हती.
तीनशे चाळीस माणसं, डब्यातली भाजी अजून गरम.
घरी सांगितलं, ब्रेक दिलाय.
सासऱ्यांना सांगितलं, कंपनीच बसली.
मेव्हण्याला, मीच सोडली.
सत्तावीस वर्षं एकही शब्द मापात बसला नाही,
आणि तो चीनमधून यावा,
चुकीच्या इंग्रजीत!
बंद गेटसमोर
उघडेच तर पडलो होतो आम्ही.

"मी टू," मी म्हटलं. "बॉस ओपन्ड मी."

हे वाक्य मी तपासलं नाही.
तीही काही म्हणाली नाही.
खाली मेडिकलवाल्यानं शटर ओढलं.
तिनं खिडकीतला डबा उचलला,
झाकण जरा अडकलं, मग निघालं,
माझ्यापुढे धरला.
"खाय," म्हणाली.
तिच्या भाषेत की माझ्या,
मी विचारलं नाही.